पहिली ओळ कोरीच

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर

पाकीट पोस्टात टाकून आले, तेव्हापासून मन खातंय. ब्रह्मदेशात लष्कराने तुरुंगात डांबलेल्या शिक्षिकेला सोडा, असा तो अर्ज. असे अर्ज जगभरातून जातायत. आमच्या बिल्डिंगमधल्या सह्या मीच दारोदार फिरून घेतल्या. पहिली ओळ माझ्यासाठी सोडली होती, शेवटी करू म्हणून.

तळमजल्यावरच्या कदमकाकांनी विचारलं, "काय केलं गो तिने?"

"लष्कराविरुद्धच्या पत्रकावर सही केली, काका. बस, एवढंच."

काकांनी चष्मा लावला. कोपऱ्यात आधी 'श्री' काढलं, मग पूर्ण नाव, खोली नंबरसकट. "आणि ही वरची ओळ?"

"माझी."

पोस्टाबाहेर पेन हातात होतं. लेकाच्या, रोहनच्या व्हिसाचं काम चाललंय, नसती भानगड कशाला, असं मनाशी म्हटलं. माझी सही कोण बघणार होतं? मग भ्यायले कशाला? तरी ती ओळ तशीच ठेवून पाकीट चिकटवलं. दुसऱ्यांची नावं मात्र बिनधास्त धाडली.

परत येताना काका गेटवरच उभे. "धाडलंस? पहिली सही तुझीच ना गो?"

ती बाई एका सहीपायी आत आहे. आणि मी काकांकडे बघून, चक्क हसून, म्हटलं, "हो."