पहिल्या तीन मिनिटांतली बाई

माय, उद्या सकाळी दहा वाजता मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. ते मला येतं, अडचण तीच आहे. लाखनीत हायवेला लागून असलेल्या एका लॉजवर उतरले आहे. खिडकीखाली ट्रक उभे आहेत, समोर सीटकव्हरांचं दुकान आहे आणि त्या दुकानात आमचं अस्वल शिवायला टाकलंय. ट्रकच्या केबिनला आतून लावतात ना, तो काळा केसाळ कपडा, त्याचंच. तू पाहिलं असतंस तर तोंडावर पदर धरून हसली असतीस. तुला माहीतच नाही, तुझी पोरगी सिनेमे लिहिते. मोठे नव्हेत. एक जनावर, पंधरा माणसं आणि शेवटी त्यांतली तीन उरलेली, असले. मगरीचा झाला, रानडुकराचा झाला, आता हा अस्वलाचा. तू असेपर्यंत अस्वलाचं नाव घरात कुणी काढत नसे, आणि मी आता त्याचं माप देऊन आले आहे.

या सिनेमांची मांडणी ठरलेली असते. टायटलच्या आधी, पहिल्या तीन मिनिटांत, एक माणूस मरतो. बहुतेक वेळा बाईच असते, लाकडांना नाहीतर पाण्याला गेलेली. तिला नाव नसतं. मग गावात मंडईची जत्रा भरायची असते, एक शहाणा माणूस सांगतो की रानात काहीतरी आहे, आणि सरपंच म्हणतो मंडई काही बंद होणार नाही. जनावर चाळीस मिनिटांच्या आत दाखवायचं नाही, कारण दाखवलं की आतला माणूस ओळखू येतो. तोवर हलणारं झुडूप, ओरबाडलेलं खोड, एकटी पडलेली चप्पल. मग माणसं एकमेकांपासून लांब जातात. ती का लांब जातात याची पटणारी कारणं शोधणं, ही माझी खरी नोकरी. आणि आणखी एक नियम आहे, तो मला पहिल्याच सिनेमाच्या वेळी सांगितला गेला: कुणाला अर्धवट वाचवायचं नाही. मेलेला नट एका दिवसात सुटतो. चेहरा फाटलेला माणूस जिवंत ठेवला, तर त्याला रोज दोन तास मेकअपला बसवावं लागतं. मी समजल्यासारखी मान हलवली. पुढचे कितीतरी दिवस मला तुझ्या डाव्या गालाशिवाय काही दिसत नव्हतं.

या वेळी पहिली तीन मिनिटं मी तुझी लिहिली. पहाट फुटते आहे, एक बाई मोहाची फुलं वेचते आहे, तिची मुलगी थोडी पलीकडे आहे. आपल्याकडे मोह वेचताना मधूनमधून हाक मारायची आणि दुसऱ्यानं ओ द्यायची, हे तू मला चालता येऊ लागलं तेव्हापासून शिकवलेलं. आपलं माणूस कुठं आहे ते कळतं, आणि माणसं आहेत हे अस्वलालाही कळतं, ते आपल्या वाटेनं जातं. तर माझ्या पानावर बाई हाक मारते, ओ येते. पुन्हा हाक मारते, ओ येते. तिसऱ्यांदा येत नाही. बस, एवढंच. दिग्दर्शकानं वाचलं आणि टेबलावर हात मारला. "मॅडम, हे तं अस्वल न आणताच भेव वाटून राहिलं!" तोच निर्माताही असल्यामुळे त्याला दुप्पट आनंद झाला. मीही हसले. मग आज सकाळी त्याचा फोन आला.

"एक अडून राहिलं, मॅडम. पोरगी ओ काहून नाही देत?"

"अस्वलानं आधी तिलाच मारलेलं असतं," मी म्हणाले.

"मंग ओरडली काहून नाही? पब्लिक विचारन ना. कायतरी पटन असं आणा. उद्या दहाला वाचून दाखवा."

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरचा तिसरा उन्हाळा. मी अकरा वर्षांची आहे. एकोडीपलीकडच्या रानात आपली तीन मोहाची झाडं, शेजारच्या काकूंची चार. कागदावर कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्या गावाला पाठ आहे. काकूंच्या झाडाखाली फुलांचा नुसता सडा पडलाय आणि माझी टोपली भरत नाहीये. मी तिथली वेचते. तू येतेस, टोपली हिसकावतेस आणि सगळी फुलं काकूंच्या झाडाखाली परत ओततेस, माझी स्वतःची होती तीसुद्धा. "दुसऱ्याच्या झाडाखालचं काहून वेचलं व? कोणं शिकवलं तुले?" आणि एक चापट. काकू म्हणतात, जाऊ दे बाई, लेकरू आहे. काकूंची मुलगी माझ्याच वर्गातली, ती माझ्याकडे बघते आहे. त्या दोघी आपल्या टोपल्या घेऊन गेल्या, तू पुन्हा खाली वाकलीस, आणि मी गुपचूप उठून उतारावरच्या एका जाड खोडामागे जाऊन बसले.

पुढचं तुला माहीत आहे, पण सगळं नाही. तू मला नेहमी मारायचीस तशीच हाक मारलीस, "बाई वऽ". मी ओठ दाबून बसले. थोड्या वेळानं दुसरी हाक आली, जराशी जवळून. तिसऱ्या वेळी तुझा आवाज बदलला होता. "बाई व, नोको करू अशी, ओ दे!" झाडाखालची साफ केलेली जागा सोडून तू झुडपात शिरलीस. अस्वल तुझ्या-माझ्या मध्ये होतं. मी ते पाहिलं नाही, आवाज तेवढा ऐकला. त्याचा आणि मग तुझा. काकू वाटेवरून ओरडत परत आल्या, मागून आणखी माणसं आली, कुणी डबा बडवला. मी खोडामागून निघाले तेव्हा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुझ्या तोंडावर पट्ट्या होत्या आणि बोलताना तुला थांबावं लागत होतं. येईल तो एकच विचारायचा, झुडपात कायले गेलीस? तू सगळ्यांना एकच सांगितलंस, "तिकडं मोह जास्त पडला होता." मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. दिवाळीनंतरच्या मंडईत तू पहिल्यांदा चार माणसांत आलीस, पदर नाकापर्यंत ओढून, आणि मला एक लाल शिट्टी घेऊन दिलीस. घरी आल्यावर चुलीशी बसून, उजवा गाल माझ्याकडे ठेवून म्हणालीस, "भेवानं गळा बंद होते पोरीचा. ओ नाही देता आली तं फूक." माय, तुला खरंच तसं वाटत होतं? की पटण्यासारखं कारण तू माझ्याआधीच शोधून ठेवलं होतंस? मी शिट्टी घेतली आणि एका डबीत ठेवून दिली. त्यानंतर मात्र तू अर्धी हाक मारलीस तरी मी धावत यायचे. अजूनही फोन दुसऱ्यांदा वाजू देत नाही. नवरा चिडवतो, हाक पुरी तर होऊ दे. त्याला वाटतं, माझा स्वभावच धांदरट.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर असलाच एक सिनेमा लागला होता, आठवतं? तू सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यात बसलेलीस. मी चॅनल बदलायला उठले तर म्हणालीस, राहू दे. पहिली बाई पाण्यात ओढली गेली, टायटल आलं, गाणं सुरू झालं. तू बराच वेळ वाट पाहिलीस. "ते बाई मेली का जगली?" मी म्हटलं, मेली असेल. "तिच्या घरी कोणं सांगतलं? अन् जगली असन तं पुढचं दाखवाले पायजे ना." मी जरा चिडूनच म्हणाले, माय, तो सिनेमा तिचा नाही. तू पुन्हा खडे निवडायला लागलीस. एवढ्या वर्षांत असल्या सिनेमांबद्दल इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारलेला नाही, आणि मी त्याला असं उत्तर दिलं.

आता टेबलावर दोन कागद आहेत. एकावर तुझं कारण आहे: भीतीनं मुलीचा गळा बंद होतो. ते पटेल, दिग्दर्शक खूश होईल, परवा शूटिंग सुरू होईल. दुसऱ्यावर मी चार ओळी लिहिल्यात. मुलगी खोडामागे बसलेली आहे. तिला राग आलेला आहे. हाक ऐकते. ओ देत नाही. आणि खाली, बाई मरत नाही. दिग्दर्शक मेकअपच्या खर्चावरून ओरडेल, कदाचित दुसरी लेखिका बघेल. मघापासून दोन्ही कागद चार वेळा घडी करून ठेवले आणि उघडले. पण नेणार मी दुसराच. हे पत्र मात्र कुणाला वाचून दाखवायचं नाही. शिट्टी ज्या डबीत आहे त्याच डबीत ते जाईल.

कारण चार ओळींतही एक राहून गेलं आहे. तिन्ही हाका मला नीट ऐकू आल्या होत्या, माय. आणि तिसरीला तुझा आवाज घाबरलेला ऐकून मला बरं वाटलं होतं.