बाईमाणसाशिवाय घर

१० फेब्रुवारी १९८४
काल सुलक्षणाचं तेरावं झालं. कावीळ काय, आठवडाभरात बायको नेते! पाहुणे गेले, आई राहिली. पोरीला, रतनला वेणी घालत होती. बघत बसलो. काहीच वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी
कंपनीत गेलो. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, मी आजारी असल्यासारखं. वैताग.
घरी वेगळीच तऱ्हा. आई पहाटे उठून हंडे, बादल्या, टोप – रतनचा पेलासुद्धा भरून ठेवते. मोरीत पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, अगं, नळाला दिवसभर पाणी असतं. "असां दे." मिक्सरला तर हातही लावत नाही. सुलक्षणाने बोनसमधून हट्टाने घेतलेला. टॉवेलखाली झाकून ठेवलाय. बरंच आहे.

१६ फेब्रुवारी
आई रतनला गावचं सांगत होती. अंधारात उठून जात्यावर बसायचं. मग घाटी उतरून व्हाळावरून पाणी, डोक्यावर दोन हंडे. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून डोळे सुजायचे.
"मग आजी, तू खेळायचीस कधी?"
आईने बराच विचार केला. "खेळाक नाय गावला, बाय."

१८ फेब्रुवारी
भात करपला. खाल्ला.

१९ फेब्रुवारी, रविवार
आईने दुसऱ्या लग्नाचा विषय काढलाच! मामाची सुगंधा. मे महिन्यात उरकून घेऊ म्हणते. "माका गावाक जावकच व्हया. शेत हा, गुरां हत. घरात बाईमाणूस नको?"
कशाला पाहिजे? नळ आहे, गॅस आहे, दळण गिरणीत जातं, कुकर मला लावता येतो, रतनला शेजारच्या रत्नप्रभा वहिनी बघतील. बोटांवर मोजून दाखवलं. आई नळाकडे बघत राहिली. "होय तर. मगे बायल कित्याक व्हयी?" बायको कशाला, म्हणे.
तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी बोललो – सावत्र ती सावत्रच. माझ्या पोरीला तसली आई नको.
आई उठून भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

२१ फेब्रुवारी
आई माझ्याशी बोलत नाही. रतनशी बोलते.

२३ फेब्रुवारी
"एसटीचा तिकीट काढ." एवढंच म्हणाली. काढलं. रविवारची गाडी. तिला थांब म्हणावं असं सारखं वाटतं.

२५ फेब्रुवारी
आज तांदूळ निवडताना, मान वर न करता आईने सांगितलं. "तुझी आवस, तुका जल्म दिल्यान ती, तू रांगत होतंस तेव्हा तापान गेली. घरात पाणी भरूक कोण नाय, दळूक कोण नाय. म्हणान महिन्याभरात तुझ्या बापाशीन माका लगीन करून हाडल्यान. चौदा वर्षांची होतंय."
इतकी वर्षं का नाही सांगितलंस?
"तू इचारलंस खंय?" मग हात थांबवून म्हणाली, "सावत्र कशी असता रे? माका सांग."
काय सांगणार? मला एकच आई माहीत आहे. तिच्यासमोरच रडलो. सुलक्षणा गेल्यापासून पहिल्यांदा.