मामाच्या पापणीची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

दोन दिवस ही वही टाळली, कारण लिहिलं की कबूल करावं लागतं.

मामाच्या पापणीवरची गाठ. सहा महिने तो तिला रांजणवाडी म्हणत खारकेची बी उगाळून लावत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ त्याच जागी पुन्हा येते, तिथले केसही झडलेत. क्वचित होणारा कॅन्सर असू शकतो." त्यांनी गाठीचा तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घातला आणि तपासणीला पोचवायला माझ्याकडं दिला. माझ्याकडं! मामा एवढंच म्हणाला, "फर्दापूरला मामीला कळू देऊ नको."

निघालो, पण उस्मानपुऱ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा दिसला. शिरलो. शेजारी फर्दापूरचाच ओळखीचा. "खिशात काय रे?" म्हणाला. "मामाचा डोळा," म्हणालो. पापणी म्हणायला काय झालं होतं मला? मग काल वाळूजला नवा कारखाना बघायला गेलो, बाटली खिशातच.

आज सकाळी पोचवली. प्रयोगशाळेतला माणूस ओरडला, "दोन दिवस मामाला खिशात घेऊन फिरलास व्हय?" तुकडा शाबूत आहे म्हणे. निकाल आठवड्यानं. तोवर माझ्याकडंच उतरलेल्या मामाच्या तोंडाकडं कसं बघू?

थांब, दारात कोण रडतंय? मामी! चप्पलही न काढता मामाच्या डोळ्यावरच्या पट्टीकडं बघत विचारतेय, "दुसरा डोळा तरी ठेवलाय का डॉक्टरांनी?"