चव्वेचाळीस पायऱ्या

१२ जानेवारी

प्रिय छोटी,

आशीर्वाद आधी, भांडण नंतर. नवा चष्मा आला ना? मग हे पत्र स्वतः वाच, सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस.

इकडे डॉक्टरांनी माझा पिच्छा पुरवलाय. साखर वाढली, मांड्या वाळल्या, आता गोळ्यांबरोबर व्यायामही करा म्हणे. अहो, रोज चालते की मी! तर नुसत्या चालण्याने स्नायू भरत नाहीत, आणि साखर जिरवायला स्नायूच लागतात, असं मलाच ऐकवलं. आठवड्यातून तीनदा एक व्यायामवाली घरी येते. जेमतेम पंचविशीची. "आजी, हात न टेकता खुर्चीवरून उठा बरं."

"आजी कोणाला म्हणतेस? एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी."

"बरं बाई, मग उठा."

उठता येईना गं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी ताठ बसायला शिकवलं. उठणं काय, आपोआप येतं असंच सगळे धरून चालले होते.

पहिल्या दिवशी जेमतेम तीनदा, तेही खाली उशी घेऊन. आता चार महिन्यांनी सलग बारा. वाळू भरलेल्या बाटल्या उचलते, ओटा धरून टाचा वर करते. साखरही उतरलीय. ती पोरगी टाळ्या वाजवते. "मी बालवाडीत आहे का?" विचारलं, तर आणखी जोरात वाजवते.

आता खरं सांगते. "ताई, तू थकलीस," असं तू फोनवर म्हणालीस, त्या रागाने मी तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर फिरकले नाही, असं तू समजतेस. मीच समजू दिलं. मी आले होते, छोटी. दुसऱ्या मजल्यापर्यंत. कठडा धरून उभी राहिले, पाऊल वर पडेना. तुझं दार उघडं होतं. "ताई अजून कशी आली नाही?" हे मी ऐकलं. हाक मारली असती, तर पट्टी बांधलेल्या डोळ्याने तू जिन्यात धावली असतीस. म्हणून परत फिरले. तो निळा स्वेटर कुरिअरने आला नव्हता. मीच तो खाली वॉचमनकडे दिला, आणि तसं सांगायला लावलं.

तुझ्याकडे चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. आमच्या जिन्यात परवा मी अठ्ठेचाळीस चढले.

रविवारी येते. दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची ठेव, बिनहातांची चालेल. मला घ्यायला मात्र खाली उतरायचं नाही. दार उघडं ठेव, आणि आतून मोठ्याने बोलत राहा.

तुझी,
थकली होती ती ताई