तिने कागदावर लिहिलेलं नाव

भावा, सलाम.

रविवार, ४ ऑगस्ट, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, भर उपासनेत तू पोटच्या पोरीच्या हातून बायबल काढून घेतलंस. का, तर नवरा सोडलेल्या बाईसाठी तिने प्रार्थना केली! तू पाळक आहेस की पहारेकरी?

चर्चच्या तरुण पुढाऱ्यांसाठी मी घेतेय त्या शिबिरात ती माझ्याजवळ आहे. खोकला गेलाय, जेवतेय. फोन वाजला की मात्र दचकते.

काल सगळ्यांना विचारलं, "तुमचा पहिला मार्गदर्शक कोण?" मला वाटलं, माझंच नाव येणार. तिने तुझं लिहिलं.

"आत्या, प्रार्थना पप्पांनीच शिकवली ना," म्हणाली आणि रडत बसली.

गुडघा शेकतोस ना?

येत्या रविवारी ती इथे पहिला उपदेश देणार आहे. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत तुझं लेखी उत्तर पोचलंच पाहिजे. मला नको, तिला लिही.

तुझी थोरली बहीण