मंडळींच्या पाठीवरचा कोट

तीर्थरूप दादांस,

प्रभूच्या नावात धाकट्या भावाचा सलाम. आपली प्रकृती बरी असेल, गुडघे कुरकुरत नसतील आणि नव्या चष्म्यातून सुईत दोरा पहिल्या झटक्यात जात असेल, अशी आशा करतो. (थोरल्या भावाला पत्रात अहो-जाहो करायचं असतं म्हणून हे एवढं. पुढे मला राग येणार आहे, आणि मला आदराने रागावता येत नाही. तेव्हा इथून पुढे तू.)

तुझं पार्सल पोचलं. पांढरं कापड आणि आत चिठ्ठी, की पुतणीच्या लग्नाचा झगा यातून शिवा, मी येत नाही, कुठल्या तोंडाने येऊ. आणि त्याखाली नेहमीप्रमाणे कारणं. दादा, आमच्या लग्नाच्या सकाळी हिच्या झग्याच्या पाठीला तू इस्त्रीने भोक पाडलंस. त्या लग्नानंतर झालेली पोरगी आता लग्नाला आली, तरी तुझी कारणं संपेनात. एका पत्रात विजेचा दाब वाढला होता, एका पत्रात ऐन वेळी दारावरची घंटा वाजली, गेल्या पत्रात म्हणे कापडच हलकं होतं. (कापड मी निवडलं होतं. हे लक्षात ठेवलेलं आहे.) अरे, भोक इस्त्रीच्या आकाराचं होतं, टोकासकट! इस्त्री तशीच टाकून तू आपल्या दुकानाच्या मागच्या दाराने जो पळालास, तो परगावी स्वतःचं शिलाईचं दुकान थाटूनच थांबलास. पुढे काय झालं ते तुला माहीत नाही, आणि मी मुद्दाम कळवलं नाही, कारण मला राग धरायचा होता. इतकी वर्षं तू अर्ध्याच गोष्टीची लाज बाळगून आहेस. उरलेली अर्धी सांगायची वेळ गेल्या रविवारी माझ्यावर आली, तीही भर चर्चमध्ये.

झालं असं, की पाळकसाहेबांचा घसा बसला आणि त्यांनी खुणेने मला पुढे केलं. विषय फळ्यावर लिहिलेलाच होता: विश्वासाने नीतिमान ठरणे. मी कापड कापणारा माणूस, बोलणारा नव्हे (ही म्हणते, हे साफ खोटं आहे). म्हटलं, सुरुवात तरी ठणठणीत करावी, आणि पाळकसाहेबांच्याच आवाजात ठोकून दिलं की मंडळी ही ख्रिस्ताची वधू आहे. झालं, तिथेच गाडी अडली. कारण आयुष्यभर मी मंडळी म्हणत आलो ते हिला. मंडळी, चहा ठेवा. मंडळी रागावल्यात, आज दुकानातच थांबलेलं बरं. मंडळी म्हटलं की मला बाकांवरची माणसं दिसतच नाहीत, ही दिसते. आणि वधू म्हटलं की ही दिसते ती पाठीला भोक पडलेल्या झग्यात. मग जे डोळ्यांसमोर होतं तेच सांगत सुटलो.

सांगितलं, की वधू भिंतीला पाठ लावून रडत होती. दुसरा झगा नव्हता आणि ऑर्गन सुरू झाला होता. मी अंगातला कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला आणि म्हटलं, चल. आता माझ्या शर्टाचं ऐक. शिंपी स्वतःच्या शर्टाला इस्त्री करतो ती कॉलरला आणि छातीला, बाकीचं सगळं कोटाखाली जातं. त्यातून त्या शर्टाच्या पाठीवर चौकड्याच्या कापडाचं हे एवढं ठिगळ. वेदीकडे तोंड करून उभा राहिलो म्हणजे पाठ साऱ्या गावाकडे. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत खसखस पिकली. हिला मात्र कोणी हसलं नाही. मावशीने तर विचारलं, ही नवी फॅशन कुठली गं? दादा, भोक काही बुजलं नव्हतं. होतं तिथेच होतं. पण त्या दिवशी हिच्याकडे बघणाऱ्याला दिसला तो माझा कोट, आणि माझ्याकडे बघणाऱ्याला ते ठिगळ. भोक तुझं, झगा हिचा आणि हसं झालं माझं.

एवढं सांगून मी थांबलो, कारण मंडळी (चर्चमधली) बाकांवरून पुढे झुकली होती आणि मंडळी (आमच्या) पदराने डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब बसक्या आवाजात म्हणाले, "हेच ते. ठरणं म्हणजे हेच." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फळ्यावर 'नीतिमान होणे' लिहिलेलंच नव्हतं, 'ठरणे' लिहिलं होतं. आपण आपले उसवत बसतो, शिवत बसतो, आधी नीट दिसू दे मग पुढे जाईन म्हणतो. आणि ज्याने ठरवायचं तो प्रभू कधीचा अंगातला कोट काढून उभा असतो. त्या एका कोटाचं कौतुक मी इतकी वर्षं मिरवलं. माझ्याही पाठीवर कोणाचा तरी कोट आहे, हे रविवारी कळलं. नाहीतर माझा स्वभाव दोन्ही मंडळींनी इतकी वर्षं खपवून घेतला नसता.

मग तुझ्यावरच्या रागाला जागाच उरली नाही. थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, जुना राग होता, अंगाला नीट बसला होता. पण गेला. तुला क्षमा आहे, दादा, एकाही कारणाशिवाय आहे. हिने तर त्याच सकाळी केली होती. तूच ऐकायला थांबला नाहीस.

पोरीचा काकाला सलाम.

तुझा, हल्ली शर्टाच्या पाठीलाही इस्त्री करणारा,
धाकटा

ता. क. तुझ्या कापडाचे आम्ही पडदे शिवले. खिडकीला फार छान दिसतात. पोरीला आईचाच झगा घालायचाय, भोकासकट. रफू करू का विचारलं, तर माझ्यावरच डाफरली. जावईबापूंचा कोट शिवून झालाय. खांद्यांत जरा सैल ठेवलाय, वेळ पडली तर पोरीलाही होईल असा.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. पेटीत राहून झगा पार चुरगळलाय आणि लग्नाच्या सकाळी त्याला इस्त्री करायची आहे. मी करतो म्हटलं, तर मंडळींनी माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली. म्हणाल्या, "ही दादांनीच करायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." तेव्हा आदल्या दिवशीच ये. दारावरची घंटा मी काढून ठेवली आहे.