मशीन म्हणेल त्याचा बैल

२० ऑगस्ट
चुलतभाऊ उत्तरेश्वरचा बैल आज पुन्हा माझ्या मक्यात. घरात बसून घंटीवरून ओळखला. त्याची घंटी फुटकी, माझ्या पाखऱ्याची खणखणीत. उत्तरेश्वर म्हणतो, तुमचाच सुटला असंल, दादा. दोन्ही लाल कंधारी, त्याचा फायदा घेतो हलकट. कानाची साक्ष गावात कोण धरतो? एका म्हशीवर डेअरी उभी केलेला माणूस आहे मी. बांधावर कॅमेरा बसवणार. मोबाईलला बैल ओळखायला शिकवणार.

२२ ऑगस्ट. पोळा
एरवी उत्तरेश्वर त्याच्या गोठ्याकडे फिरकू देत नाही. आज सणाचं कोण अडवणार? त्याचा बैल झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं अशा थाटात मिरवत होता. भरपूर फोटो काढले. मूर्खाने शेजारी उभं राहून पोज दिली.

२३ ऑगस्ट
पाखऱ्याचे फोटो गोठ्यात काढले. झूल धुवायला टाकलेली. प्रत्येक फोटोत बैलाभोवती बोटाने चौकट आखायची आणि खाली लिहायचं: ‘आपला बैल’, नाहीतर ‘चोर! उत्तरेश्वरचा बैल’. अंजना म्हणाली, एकाला नवरदेव केलं अन् एक उघडा, असं कावून? बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही.

२ सप्टेंबर, दुपार
मक्यातून फुटकी घंटी. पळणारच होतो, पण बांधावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून बघून मोबाईल म्हणाला: आपला बैल. बिनघोर लवंडलो. कान म्हातारे झाले असावेत.

संध्याकाळ
मक्याच्या चार ओळी साफ. पाखऱ्याला एवढी भूक? आजपासून त्याची पेंड बंद.

५ सप्टेंबर
पारावर उत्तरेश्वर म्हणाला, दादाचं मशीन येडं हाय. रक्त उसळलं. चारचौघांत सांगितलं: उद्या परीक्षा. मशीन म्हणेल त्याचा बैल, माझा शब्द. तो म्हणाला, बरं, दादा. लई नरम. घाबरला.

६ सप्टेंबर, सकाळ
गाव बघायला येणार. पाखऱ्याला झूल, बाशिंग घातलं, शिंगं रंगवली. आपल्या मोठेपणाला शोभलं पाहिजे.

दुपार
आधी त्याचा बैल उघडाबोडका मक्यात सोडला. मोबाईल: आपला. लोक खिदळले. मग मी पाखऱ्याला पुढे केलं. मोबाईल बोंबलला: चोर! उत्तरेश्वरचा बैल! उत्तरेश्वर म्हणाला, दादा, शब्द म्हंजे शब्द, न्हाई का? अन् पाखऱ्याचं दावं धरून चालू लागला. टाळ्या पडल्या. अंजना म्हणाली, अहो, ते झुलीला ओळखतंय, बैलाला न्हाई.
त्याचा बैल, मशीनच्या हिशोबाने माझा, पोटभर मका खाऊन आपल्या पायाने त्याच्याच गोठ्यात गेला.

संध्याकाळ
बांधापलीकडून खणखणीत घंटी. कॅमेऱ्यात पाहिलं. पाखऱ्या. उत्तरेश्वरने झूल काढून ठेवली होती.
मोबाईल म्हणाला: आपला बैल.
आता सांगतोस, मेल्या?